जोडप्यांसाठी दोन रात्री

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आजपासून रोजचं लिहून ठेवायचं असं सूनबाईने सांगितलं आहे. "बाबा, जे कराल ते दिवसाच्या दिवस लिहा. काय जमलं, काय फसलं, सगळं. म्हणजे पुढच्या हिवाळ्यात कुणीही वाचून काम चालवू शकेल." कुणीही म्हणजे आम्हीच तिघं, दुसरं कोण असणार. पण पोरगी पुढचा विचार करते हे खरं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यापुढचं सगळं, नळ जोडण्यापासून पलंग ठोकण्यापर्यंत, बघून बघून शिकलो. लिहिणंही तसंच जमेल.

तर हकिगत अशी. स्टेशनमागचं आमचं लॉज आठ खोल्यांचं. तीस वर्षं फिरत्या विक्रेत्यांवर चाललं. नमुन्यांची पेटी घेऊन यायचे, दोन रात्री काढायचे, पुढच्या गावाला जायचे. आता त्यांची कामं फोनवर होतात. उन्हाळ्यात तरी थोडे येतात, थंडीत कुणी फिरकत नाही. या महिन्यात एकच आला, छत्रीचं कापड विकणारा. तोही आज सकाळी गेला.

तो गेल्यावर सूनबाई म्हणाली, "बाबा, आपण थंडीत जोडप्यांना बोलवू या. शुक्रवारी संध्याकाळी यायचं, रविवारी दुपारी जायचं. दोन रात्री. शहर पाहायचं, दोघांनीच."

मी म्हटलं, "या गारठ्यात जोडपी आपल्याकडे कशाला येतील?"

"एकमेकांसाठी."

आतून आमच्या नाश्तेवाल्या बाई हसल्या. गेली बारा वर्षं सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण त्याच करतात, आणि करता करता कान आमच्याकडे ठेवतात. "मालक," त्या म्हणाल्या, "तुमच्या डोक्यावरून गेलं हे."

चिरंजीवांना दुपारी सांगितलं. "करा," तो म्हणाला. "रात्री मी आहेच."

पुढे वाचणाऱ्याला कळावं म्हणून आमची पद्धत लिहून ठेवतो. पहाटे पाच ते आठ काउंटरवर मी. आठपासून रात्री आठपर्यंत सूनबाई. मग पहाटे पाचपर्यंत चिरंजीव. त्यांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, आणि या नऊ वर्षांत आमचा काउंटर एक मिनिट रिकामा राहिलेला नाही. तिची झोप मोडू नये म्हणून तो तीन नंबरच्या खोलीत झोपतो. इतकं समजूतदार जोडपं शोधून सापडायचं नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

जेवणाच्या टेबलावर शहराचा नकाशा पसरून बसलो. सूनबाईने काढलेल्या जागा: नदीवरचा जुना पूल, दिव्यांच्या गल्लीतलं कॉफीचं दुकान, म्युझियम. मी सुचवलं, जुनं पंपघर.

"पंपघर?" ती म्हणाली.

"शंभर वर्षांचे पंप आहेत. पितळेची चाकं, माणसाच्या उंचीची. अजून फिरतात. आणि आत उबदार असतं."

"बाबा, जोडप्यांसाठी चाललंय."

"मग जोडप्यांना थंडी वाजत नाही का?"

ती हसली आणि चौथ्या नंबरला पंपघर लिहिलं. बऱ्याच दिवसांनी हसली. मग मी विचारलं, "तुला स्वतःला कुठे जायला आवडेल? तेही घालू." ती नकाशाकडे बघत बसली. एवढा वेळ, की मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाली, "कुठेही. परत यायची घाई नसली म्हणजे झालं."

मी टिपून घेतलं: जागा लॉजपासून जवळ असाव्यात.

दुपारी वेळा मोजायला स्वतः फिरून आलो. कागदावर पुलासाठी वीस मिनिटं धरली आहेत, म्हणून पुलाच्या मधोमध वीस मिनिटं उभा राहिलो. अठराव्या मिनिटाला एक पोलीस आला. घरी सगळं ठीक आहे ना म्हणाला. मी म्हटलं, जोडप्यांसाठी चाललंय. तो थोडा वेळ माझ्या शेजारी उभा राहिला आणि मग गेला. वीस मिनिटं पुरतात.

सोमवार, १८ नोव्हेंबर

घोडं पलंगांपाशी अडलं. आठ खोल्यांत सोळा पलंग, सगळे सुटे. विक्रेत्यांना जोडपलंग कशाला लागतो? नवे घेणं परवडायचं नाही, म्हणून आहेत तेच जोडायचे ठरवलं. दोन पलंग शेजारी लावायचे, आतल्या पट्ट्यांना आरपार भोकं पाडायची, बोल्ट घालून आवळायचे. सोपं वाटलं होतं. पण माझे पलंग म्हणजे माझेच, वेगवेगळ्या वर्षी ठोकलेले, दोघांची उंची एक नाही. एक वर, एक खाली, मध्ये दोन बोटं फट. चार नंबरमध्ये दिवसभर रंधा मारत होतो.

गाद्यांमधली फट झाकायला नाश्तेवाल्या बाईंकडून जाड कापसाची लांब पट्टी शिवून घेतली. त्या सुई ओवत म्हणाल्या, "मालक, पट्ट्या ठोकून कुणी कुणाच्या जवळ येतं का?"

"पलंग तर येतात," मी म्हटलं.

"तेही रडतखडत."

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

पाच खोल्या झाल्या. तळहाताला फोड. सूनबाईने जाहिरात टाकली आहे.

सोमवार, २५ नोव्हेंबर

सूनबाई पुढच्या महिन्यात चार दिवस बहिणीकडे जाणार आहे. बहिणीचं दुसऱ्या शहरात चष्म्याचं दुकान आहे. जाऊ दे बापडी, नऊ वर्षांत दोनदा गेली असेल. माळ्यावरून तिची मोठी बॅग काढून दिली. एक चाक निखळलं होतं, ते बसवलं.

"चार दिवसांना एवढी बॅग?" मी विचारलं.

"थंडीचे कपडे फार जागा खातात, बाबा."

जायच्या आधी ती सगळं लावून ठेवते आहे. प्रत्येक किल्लीला नवी चिठ्ठी. बॉयलरवाल्याचा, धोब्याचा, पाववाल्याचा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर. बुकिंग कसं बघायचं ते मला कॉम्प्युटरवर शिकवलं. आणि एक जाड वही केली आहे, त्यात प्रत्येक गोष्ट पानवार लिहिते. फ्यूज गेला तर काय. पाहुणा आजारी पडला तर काय. पस्तीस पानं झाली. चार दिवसांसाठी पोरीला माझी केवढी काळजी.

चिरंजीवांना वही दाखवली. त्याने चाळली, मिटली, काउंटरवर परत ठेवली आणि बॉयलर बघायला गेला. बॉयलर चांगला चालला आहे. त्याला उगाच हात लावू नये असं मी सांगितलं होतं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

आज मला एक कल्पना सुचली, आणि बढाई वाटेल पण चांगली सुचली. पाहुणे यायच्या आधी रंगीत तालीम करायची. घरात जोडपं आहेच. शुक्रवार-शनिवार चिरंजीव आणि सूनबाईने पाहुण्यांसारखं राहायचं, कागदाप्रमाणे फिरायचं, चार नंबरच्या जोडपलंगावर झोपायचं. काउंटर मी सांभाळीन. काय चुकतं ते आधीच कळेल.

"त्याची काय गरज आहे," सूनबाई म्हणाली. "तुम्हाला झेपणार नाही," चिरंजीव म्हणाला. एकमेकांकडे बघितलं सुद्धा नाही, दोघंही माझ्याशी बोलत होते.

"पंपघराच्या वेळा बरोबर आहेत का ते कोण सांगेल मला?" मी म्हटलं. "कामाचा भाग आहे."

कामाचा भाग म्हटल्यावर दोघंही तयार झाले. हा गुण दोघांत सारखा.

मी संध्याकाळी तक्ता आखला. जागा, पोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ, खुर्च्या कशा होत्या, शेरा. दोघांना वेगवेगळा कागद दिला. एकमेकांचं बघून लिहायचं नाही, म्हणजे खरं काय ते कळेल.

रविवार, १ डिसेंबर

तालीम पार पडली. दोन रात्री काउंटरवर बसून पाठीचं लाकूड झालं आहे. विक्रेता एकही नव्हता, तरी बसलो. रिकामा काउंटर मला बघवत नाही. दोघांचे कागद हाती आले, ते जसेच्या तसे उतरवतो.

जुना पूल. त्याचा शेरा: "वारा फार. टोपी उडाली. सात मिनिटं थांबलो." तिचा शेरा: "टोपी नदीत गेली. त्याने मफलर दिला. मग स्वतः शिंकत होता." (सूचना: पाहुण्यांना टोपी बांधून घ्यायला सांगणे.)

कॉफीचं दुकान. त्याचा: "कॉफी बरी. काय बोलावं सुचेना. मेनूकार्ड दोनदा वाचलं." तिचा: "मेनूकार्डात आठ चुका आहेत." (दुकानदाराला चुका कळवणे.)

म्युझियम. त्याचा: "पाहिलं." तिचा: "तो पुढे पुढे चालतो. तीन दालनं मी एकटीनेच पाहिली." (म्युझियमला वेळ कमी पडतो आहे. वाढवणे.)

पंपघर. इथे माझी मान खाली गेली. हिवाळ्यात शनिवारी पंपघर बंद असतं. तीस वर्षं लोकांना सांगत आलो, जा, बघा, आणि स्वतः कधी शनिवारी गेलो नाही. दारावरची पाटी वाचून दोघं मागे फिरले. कागदावर तिथे एक तास दहा मिनिटं धरली होती.

मग त्याने लिहिलं आहे: "पंपघर बंद. समोरच्या ट्रामथांब्यावर बसलो. ४.०० ते ५.२०. चार ट्राम सोडल्या." तिने लिहिलं आहे: "थांब्यावर बसलो. पाच ट्राम गेल्या." खुर्च्यांच्या रकान्यात त्याने "लोखंडी, गार" लिहिलंय. तिने तो रकाना कोराच ठेवला.

दोघांच्या आकड्यांत एका ट्रामचा फरक आहे. चार असोत नाही तर पाच, शनिवारी ट्राम इतक्या भरून जात असतील तर पाहुण्यांची पंचाईत. चौकशी करणे.

सोमवार, २ डिसेंबर

पलंगाबद्दल कागदात लिहायचं राहिलं होतं, म्हणून दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं. मधली फट टोचते का?

चिरंजीव म्हणाला, "फट? नाही. मी एकदम कडेला होतो."

सूनबाई म्हणाली, "शुक्रवारी कळली नाही, बाबा. मीही कडेलाच होते."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी कळली," ती म्हणाली आणि चहा गाळायला वळली.

म्हणजे एका रात्रीत पट्टी सरकली. बाईंना सांगून चारी कोपऱ्यांना बंद शिवून घेतले. बाई शिवता शिवता स्वतःशीच हसत होत्या. हसायला काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही मालक, तुमच्या हाताला यश आहे."

पंपघराच्या जागी मी मिठाईचं दुकान घालणार होतो. सूनबाई म्हणाली, "दुसरं काही नको. तो थांबा राहू द्या."

"थांब्यावर काय आहे?"

"काही नाही."

"मग लोकांना तिथे कशाला बसवायचं थंडीत?"

"बाबा, बाकी सगळीकडे काही ना काही बघायचं आहे," ती म्हणाली. "एवढा एक तास राहू द्या."

मला पटलेलं नाही. पण जाहिरात तिची, मेहनत तिची. कागदावर लिहिलं: ४.०० ते ५.१०, ट्रामथांबा. पुढे काय लिहावं समजेना म्हणून लिहिलं: काही नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

आज चिरंजीव पहाटे पाचला काउंटर सोपवल्यावर झोपायला गेला नाही. घुटमळत राहिला. म्हणाला, "बाबा, एक विचारू? रात्रीचा काउंटर बंद केला तर? दहाला दाराला कुलूप. उशिरा येणाऱ्याने बेल वाजवावी."

मी म्हटलं, "आपल्याकडे चोवीस तास दिवा असतो, म्हणून लोक येतात."

"लोक येतच नाहीत, बाबा."

"जोडपी येणार आहेत. आठवड्यावर आलंय आणि आत्ता कुठे घडी बदलतोस? एवढा हिवाळा जाऊ दे. मग बघू."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालात."

"गेल्या वर्षी तू विचारलं होतंस?"

"त्याच्या आदल्या वर्षीही," तो म्हणाला आणि जिन्याकडे गेला.

मला आठवत नाही. त्याला रागावायला नको होतं, पण मी रागावलो कुठे, नुसतं मग बघू म्हटलं. आज दिवसभर ते डोक्यात घोळतं आहे. माणूस दमला की असं बोलतो.

रविवार, १५ डिसेंबर

पहिली खेप झाली. तीन जोडपी. शुक्रवारी सकाळपासून माझा जीव टांगणीला. चार नंबरात एक शाळामास्तर आणि त्यांची बायको, साठीचे. सहा नंबरात नवं लग्न झालेलं जोडपं. आठ नंबरात एक दंतवैद्य आणि एक शिंपीणबाई. ते एकमेकांचे नेमके कोण हे मी विचारलं नाही, सूनबाईच्या वहीत विचारू नये असं लिहिलं आहे.

फसलं ते आधी. सहा नंबरचा बोल्ट शनिवारी पहाटे सुटला आणि पलंग दोन ठिकाणी गेले. नवी नवरी नाश्त्याला हसून सांगत होती, नवरा कानापर्यंत लाल. मी पाना घेऊन धावलो. बाकी नाश्ता छान, पाणी गरम, म्युझियम चालू.

जमलं ते मला अजून नीट समजलेलं नाही. जाताना मास्तरांना विचारलं, सगळ्यात काय आवडलं? मला वाटलं पूल म्हणतील. ते म्हणाले, "तो थांबा. आम्ही दोघं शेवटचं कधी नुसतं बसलो होतो, आठवत नाही." शिंपीणबाईही तेच म्हणाल्या. मी सूनबाईकडे बघितलं. ती पावती फाडत होती. तिने मान वर केली नाही, पण तिला ऐकू गेलं हे मला कळलं. काउंटरच्या पलीकडे बॅगा उचलायला वाकलेल्या चिरंजीवांनाही गेलं.

मंगळवार, १७ डिसेंबर

पुढचा शुक्रवार पूर्ण भरला. आठही खोल्या. मास्तरांनी त्यांच्या शाळेत सांगितलं म्हणे. सूनबाईने सकाळी आठही नावं मला वाचून दाखवली. सोळा माणसं. थंडीत आमच्याकडे सोळा माणसं कधीच नव्हती, लॉज नवं होतं तेव्हाही नव्हती.

आणि नेमकी परवा, गुरुवारी, ती बहिणीकडे निघाली आहे. मी म्हटलं, "पोरी, सोमवारी गेलीस तर? सोळा माणसं आहेत."

"मी तिला तारीख दिलीय, बाबा. दोनदा बदलली आधीच. आता नाही बदलणार."

आवाज मऊच होता, पण असा मऊ आवाज मी तिच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. चिरंजीव जिन्यात उभा होता, ऐकून वर गेला. मला जरा वाईट वाटलं. चार दिवसांचं जाणं, त्यासाठी तिने एवढं काय अडून बसायचं असंही मनात आलं. कबूल करतो.

बुधवार, १८ डिसेंबर

सकाळी काउंटरवर सोळा जणांचे टॉवेल मोजत होतो. नाश्तेवाल्या बाई हात पुसत बाहेर आल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. बारा वर्षांत त्या त्या खुर्चीवर बसलेल्या नाहीत.

"मालक, तुम्ही साधे आहात की सोंग करता?"

"काय झालं?"

"ती चार दिवसांसाठी चालली नाहीये. बहिणीच्या दुकानात कामाला लागणार आहे, एक तारखेपासून. खोली बघून ठेवलीय. परत यायची नाही."

मी टॉवेल मोजत राहिलो. मग आकडा चुकला. "नवऱ्याला ठाऊक आहे?"

"सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही बॅगेचं चाक बसवून दिलंत तेव्हा मला वाटलं, तुम्हालाही असेल."

चिरंजीव बॉयलरपाशी होता. मी जिना उतरून खाली गेलो. बॉयलर बंद होता, तो नुसताच शेजारी बसला होता.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"ती चल म्हणाली नाही तुला?"

"म्हणाली. थांब्यावर म्हणाली. चार दिवस ये, बघ तरी, म्हणाली. नाही आवडलं तर परत जा."

"मग?"

"मग काय बाबा. शुक्रवारी आठ खोल्या आहेत."

हे वाक्य माझं आहे. त्याच्या आईला, ती होती तोवर, मी हेच सांगत आलो. कधी चार खोल्या, कधी सहा, कधी एकच, पण वाक्य हेच. ती बिचारी कधी बॅग भरून उभी राहिली नाही. राहिली असती तर मी काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे. टॉवेल मोजले असते.

दुपारी जेवायला तिघं होतो. मी घास हातात धरून म्हटलं, "शुक्रवारचं सगळं रद्द झालं."

चिरंजीव थांबला. "सगळं म्हणजे?"

"आठच्या आठ. गारठा वाढणार आहे म्हणे. फोन आले."

बुकिंगचा कॉम्प्युटर सूनबाईच्या हातात, फोनही तीच घेते. खोटं बोलायचं होतं तर निदान तिला बाहेर पाठवून बोलायचं, एवढी अक्कल मला नाही. माझे कान तापले. ती माझ्याकडे बघत राहिली. मी ताटाकडे बघत राहिलो. पाण्याचा ग्लास तिने उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली. "सकाळीच कळवलं त्यांनी."

आत बाईंच्या हातून झाकण पडलं.

चिरंजीव आता तिच्याकडे बघत होता. "म्हणजे मला शुक्रवारी काही काम नाही."

"दिसतंय तरी तसंच," ती म्हणाली.

जेवण झाल्यावर बाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "सोळा माणसं, मालक. आणि आपण दोघं. नाश्ता मी करीन, खोल्या कोण आवरणार? तुम्हाला आलेले ते फोन?"

"तुमची जाऊबाई मोकळी असते ना?"

"तिला कामाला लावायचं तर आधी मला तिच्याशी बोलावं लागेल. तीन वर्षं बोलत नाही मी."

"मग बोला."

त्यांनी पदर खोचला. "बघते," म्हणाल्या.

गुरुवार, १९ डिसेंबर

दहाच्या बसने दोघं गेले. तिची मोठी बॅग त्याने उचलली. त्याची स्वतःची पिशवी एवढीशी, त्यात चार दिवसांचे कपडे जेमतेम मावतील. मी तिकडे बघणं टाळलं. बसमध्ये चढायच्या आधी सूनबाई माझ्याजवळ आली, कोट नीट करत असल्यासारखी वाकली आणि कानाशी म्हणाली, "वहीचं पान सत्तावीस. सोळा माणसं असली तर काय करायचं ते लिहिलंय." मग मोठ्याने म्हणाली, "येतो, बाबा."

रात्री दहाला दाराला कुलूप लावून झोपणार आहे. बेल बसवली. दोनदा वाजवून पाहिली, वाजते.

शनिवार, २१ डिसेंबर

बाईंची जाऊ आली आहे. दोघी कामापुरतं बोलतात, पण बोलतात. पान सत्तावीसवर सगळं आहे, कुणी आधी अंघोळीला जायचं तेसुद्धा, नाही तर बॉयलरला पुरायचं नाही. दुपारी चारला आठही जोडपी थांब्याकडे गेली. एकाच थांब्यावर सोळा माणसं, बसायला जागा कुठली. निम्मी उभी होती म्हणे. कुणी तक्रार केली नाही. पुढच्या वेळी चार चार जोडपी पाठवावी.

सहा वाजता सगळे परत आले आणि एकच गडबड. तेवढ्यात फोन. चिरंजीव.

"बाबा, कसे आहात? एकटेच?"

"एकटाच. शांत आहे अगदी."

"मागे आवाज कसला येतोय?"

"रेडिओ लावलाय."

तो जरा वेळ ऐकत राहिला. "रेडिओवर कुणीतरी टॉवेल मागतंय, बाबा."

मी म्हटलं, "नाटक चाललंय."

पलीकडे तो हसला. फोनपासून तोंड वळवून कुणाला तरी काहीतरी सांगितलं, आणि सूनबाई हसल्याचं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "सोमवारी येतो, बाबा."

"घाई नाही," मी म्हटलं.

"येतो म्हटलं ना."

"ये की. मी कुठे नको म्हणतोय?"

कुठल्या सोमवारी ते मी विचारलं नाही. पाच नंबरचे लोक ओल्या केसांनी जिन्यात उभे होते, त्यांना टॉवेल द्यायचे होते.